इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात जाणाऱ्या मुलासाठी घरून काय न्यावे, पुण्यात काय घ्यावे?

निळी_छत्री
मुलगा १७ वर्षांचा. सीईटीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीत पुण्यातल्या शासकीय इंजिनिअरिंग कॉलेजला मेकॅनिकलची जागा लागली आहे, वसतिगृहही मिळेल असे दिसते. आम्ही अंबाजोगाईचे. यादी करायला घेतली तर ती साठ वस्तूंवर गेली आहे: गादी, उशी, सोलापुरी चादर, पत्र्याची पेटी, बादली, इस्त्री, किटली, लॅपटॉप, ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेघा मारायचे साधन), कॅल्क्युलेटर, वर फराळाचे डबे. हातात दहा दिवस आहेत. यातले इथून काय न्यायचे, तिकडे काय घ्यायचे आणि काय घ्यायचेच नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सातबारा
ताई, साठ वस्तूंत एकही कागद दिसला नाही! गादी पुण्यात रात्री आठलाही मिळते. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात नसल्याचा दाखला, तसा मिळत नाही. दहापैकी पहिले पाच दिवस कागदांना द्या.

मूळ प्रती एका फाइलमध्ये: दहावी-बारावीची गुणपत्रके, सीईटीचे गुणपत्रक, कॅपचे जागावाटप पत्र, आसन स्वीकृतीच्या १,००० रुपयांची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, आधार. आरक्षित जागा असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता. ओबीसी, विमुक्त-भटके, एसबीसी (विशेष मागास), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) यांना नॉन-क्रिमिलेअर लागते. एससी-एसटीला लागत नाही. त्यावरची 'वैध' तारीख नीट वाचा, ती प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंतची हवी. मागच्या वर्षीचे दाखवून चालत नाही आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो.

शाळा सोडल्याचा दाखला कॉलेज ठेवून घेते, म्हणून आधीच त्याच्या पाच-सहा झेरॉक्स आणि एक चांगला रंगीत स्कॅन करून ठेवा. बाकीच्या मूळ प्रती दाखवून परत घ्यायच्या. कुणी ठेवून घेतल्याच तर कोणकोणत्या दिल्या त्याची सही-शिक्क्याची पोच मागा. झेरॉक्सचे तीन संच, प्रत्येकावर स्वसाक्षांकनाची सही मुलाची, वडिलांची नव्हे. फोटो १२, पांढऱ्या पार्श्वभूमीचे. स्कॅन करताना प्रत्येक कागदाची वेगळी पीडीएफ ठेवा, बहुतेक संकेतस्थळांना फाइल लहान लागते.

जाता जाता: जात, उत्पन्न, अधिवासाच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. कुणी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितला तर आधी तहसीलमध्ये विचारा.

निळी_छत्री
सातबारा, धन्यवाद. नॉन-क्रिमिलेअर यंदाचेच आहे. आधारवर नाव 'नाव-वडिलांचे नाव-आडनाव' असे आहे आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी. अडचण येईल का?

सातबारा
क्रमामुळे सहसा येत नाही. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधीच असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्पेलिंग वेगळे असेल तर मात्र येते, आणि ती कॉलेजात येत नाही, महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर) अर्ज भरताना येते. आधारसाठी तीन गोष्टी आजच बघा.

१. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का. लहानपणी आधार काढताना दिलेला नंबर बंद पडलेला असतो, मग ओटीपी येत नाही आणि डिजिलॉकरपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळे थांबते.
२. वयाच्या पंधराव्या वर्षानंतरचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे अद्ययावतीकरण झाले आहे का. नसेल तर ठसा जुळत नाही.
३. बँक खात्याला आधार 'सीड' आहे का. इथे फार गोंधळ आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे केवायसी झाले, सीडिंग नव्हे. शिष्यवृत्ती थेट आधारवर जमा होते आणि जे खाते एनपीसीआयच्या (देशाच्या पेमेंट महामंडळाच्या) नोंदीत शेवटी जोडले गेले त्यात जाते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' असते, तिथे बँकेचे नाव दिसेल. पुण्यात नवे खाते उघडून तिथेही सीडिंगला होकार दिला, तर पैसे गुपचूप त्या खात्यात जातात आणि मुले इकडे जुने पासबुक भरत बसतात.

चावडीवरचा
खात्यावरून आठवले. मुलगा १७ चा आहे म्हणजे खाते अज्ञानाचे (अल्पवयीनाचे) असणार. अठरा पूर्ण झाले की नवी सही, फोटो, केवायसी देईपर्यंत बँक ते खाते गोठवते. वाढदिवस सत्राच्या मधे येत असेल तर त्या सुमारास गावाकडच्या शाखेत एक फेरी लागणार, हे आत्ताच धरून ठेवा. तोपर्यंत रोजच्या खर्चाला यूपीआय सर्कल बरे: पालकाच्या खात्यातून मुलाला परवानगी देता येते, एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० पर्यंत. शिवाय पाकिटात वेगळ्या कप्प्यात दोन हजार रोख. पावसात नेटवर्क गेले की मेसवाला उधारी ठेवत नाही.

काही कॉलेजे वसतिगृहाची अनामत डिमांड ड्राफ्टने मागतात. ड्राफ्ट तीन महिनेच चालतो, आणि कुणाच्या नावे काढायचा ते कॉलेजच्या सूचनेतून अक्षर-अक्षर उतरवून घ्या. 'प्राचार्य' आणि 'अधिष्ठाता' यात चूक झाली तर रद्द करून नवा काढायला दोन दिवस जातात.

माजी_रेक्टर
रॅगिंगविरोधी हमीपत्र राहिले. ते यूजीसीच्या संकेतस्थळावर मुलाने स्वतः ऑनलाइन भरायचे असते, त्यात पालकांचीही माहिती असते. भरले की ईमेलवर नोंदणी क्रमांक येतो, त्याची छापील प्रत वसतिगृहाच्या अर्जाला जोडायची. ईमेल मुलाचाच द्या आणि त्याचा पासवर्ड त्याला पाठ हवा. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल दिलेले अर्ज दरवर्षी येतात. मदतवाहिनी १८००-१८०-५५२२, फोनमध्ये जतन करून ठेवा.

खोली ताब्यात घेताना एक यादी सही करायला देतात: खाट, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, ट्यूब, खिडकीच्या काचा. बहुतेक मुले न बघता सही करतात. फुटकी काच, मोडका कडी-कोयंडा, न चालणारे सॉकेट त्या कागदावरच लिहायचे आणि फोटो काढून ठेवायचे. नाहीतर वर्षअखेर अनामतीतून कापले जाते आणि तेव्हा वाद घालून उपयोग नसतो.

पिंजारी_गल्ली
आता गादी. नका आणू गावाहून. कारण एकच, माप. वसतिगृहात खाट ६ × ३ फुटांची असते तशी ६ × २.५ फुटांचीही असते. अडीच फुटी लोखंडी खाटेला वर उभी पट्टी असेल तर तीन फुटी गादी एका बाजूने दुमडून राहते आणि मूल चार वर्षे उतारावर झोपते. खोली मिळाल्यावर टेपने आतले माप घ्यायचे, मग जवळच्या कुठल्याही गादीच्या दुकानातून आणायची. तासाभराचे काम आहे. पहिल्या रात्रीसाठी सतरंजी आणि एक चादर पुरते.

कापसाची की फोमची? कापसाची गादी अंगाला उत्तम यात वाद नाही, पण ती १०-१२ किलो भरते, दर दोन-तीन वर्षांनी पिंजावी लागते आणि तिला ऊन लागते. पुण्यात जुलै ते सप्टेंबर ऊन कुठे? ओल धरते, वास येतो, गोळे होतात. म्हणून चार इंची फोम घ्या, डेन्सिटी (घनमीटरला किलो) ३२ किंवा ४०. दुकानदाराला डेन्सिटी विचारा, नुसते 'मऊ की कडक' नको. १८-२० च्या फोमला दुकानात हात लावला तर छानच लागतो, पण वर्षाच्या आत मधोमध खड्डा पडतो. ६ × ३ फूट, जाडी ४ इंच, ३२ डेन्सिटी म्हणजे वजन साधारण साडेपाच किलो भरायला हवे. दुकानात काटा असेल तर सरळ वजन करा, खरे-खोटे तिथेच कळते. अभ्रा चेनवाला, काढून धुता येईल असा.

सोलापूरची_सून
सोलापुरी चादरीला यादीतून काढू नका हो! अंथरा, पांघरा, परीक्षेत खुर्चीवर घडी करून ठेवा. वीस वर्षे टिकते.

पिंजारी_गल्ली
टिकते, वाळत नाही. ऑगस्टमध्ये धुतली की तीन दिवस दोरीवर. एक न्या, पण ती पांघरायला, आणि धुवायची दिवाळीच्या सुटीत घरी. अंथरायला पातळ सुती चादरी दोन, ६० × ९० इंच. गोधडीचेही तेच.

सोलापूरची_सून
हे मान्य. टॉवेलबद्दलही तेच सांगते: जाड टर्किश टॉवेल नको, पंचे न्या. चार. पंचा पंख्याखाली तीन-चार तासांत खडखडीत वाळतो, टर्किश दुसऱ्या दिवशी आंबट मारतो.

देवळालीकर
पंच्याला अनुमोदन. कपड्यांचे गणित असे करा की आठवड्यातून एकदाच धुणे होणार आणि पावसाळ्यात ते दोन दिवस वाळणार. म्हणजे अंतर्वस्त्रे आणि मोजे १० जोड, टी-शर्ट ७, पँटी ४, त्यात जीन्स एकच. वर्कशॉपला पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट लागतो. लेथजवळ (धातू कातायच्या यंत्राजवळ) सैल बाही किंवा नायलॉन नको; सैल बाही फिरत्या जॉबमध्ये (कातायच्या तुकड्यात) ओढली जाते आणि नायलॉन वेल्डिंगच्या ठिणगीने कातडीला चिकटते. पायात चामड्याचे बंद बूट. एप्रन की खाकी बॉयलर सूट, ते कॉलेज सांगेल तेव्हा घ्या, प्रत्येकाचा रंग वेगळा असतो.

दोरी: नायलॉनची, ५ मीटर. चिमटे १२. कपड्याला आतल्या बाजूने खोली क्रमांक न जाणाऱ्या शाईच्या पेनने लिहा, कॉलरवर आणि पँटीच्या पट्ट्यावर. बाहेर धुवायला दिले की एकाच रंगाचे चाळीस टी-शर्ट परत येतात.

तारमास्तर
इस्त्री, किटली, हीटर, इंडक्शन: बहुतेक वसतिगृहांत चारही बंद आहेत, दंड होतो आणि वस्तू जप्त होते. नियमाचे कारण समजून घ्या म्हणजे मूलही ऐकेल. खोलीतले सॉकेट ६ अँपिअरचे. ६ गुणिले २३० म्हणजे १,३८० वॅट. किटली १,५०० वॅटची. म्हणजे एकट्या किटलीनेच मर्यादा ओलांडली. त्यातून चार-पाच खोल्या एकाच एमसीबीवर (जादा भाराने आपोआप पडणाऱ्या स्विचवर). एकाने चहा ठेवला की आख्खी रांग अंधारात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो चहा महागात पडतो. पाणी तापवायची कॉइल तर घरातूनच हद्दपार करा. सळई पाण्यात असताना बादलीत हात घालून लोक मेले आहेत.

एक्स्टेन्शन बोर्ड मात्र हवाच, कारण सॉकेट खाटेपासून लांब असते. आयएसआय चिन्हाचा, तीन-पिनी, तांब्याची वायर, लांबी ३ मीटर, स्वतःचा स्विच आणि फ्यूज किंवा ट्रिप असलेला. उरलेली वायर गुंडाळून गादीखाली सारायची नाही, गुंडाळी तापते आणि फोम पेटतो. एका बोर्डाला दुसरा बोर्ड लावायचा नाही.

अजून एक, हे बहुतेकांना माहीत नसते. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर मनगटाला बारीक झिणझिण्या आल्या तर लॅपटॉप खराब नसतो, सॉकेटला अर्थिंग नसते. चार्जरमधून थोडा गळतीचा प्रवाह बॉडीवर येतो, अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. सॉकेटची तक्रार वसतिगृहाच्या वहीत लिहायची. तीन-पिनी प्लगची वरची जाड पिन तोडून दोन-पिनी सॉकेटात घुसवायची नाही.

निळी_छत्री
लॅपटॉप आत्ताच घ्यावा का? दुकानदार 'ऑफर संपतेय' म्हणतो आहे.

तारमास्तर
ऑफर गणपतीत येते, दसऱ्यात येते, दिवाळीतही येते. पहिल्या महिन्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेतला संगणक पुरतो. तिथे गेल्यावर कुठले सॉफ्टवेअर वापरतात ते विचारून मग घ्या.

मेकॅनिकलला पुढे कॅड (संगणकावरचे आरेखन) येणार, म्हणून १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी यापेक्षा खाली उतरू नका. रॅम बोर्डावर कायमची जोडलेली आहे की नंतर वाढवता येते, हे विचारा. ८ जीबी जोडलेली असली तर तिसऱ्या वर्षी हातात काही राहत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर मोठ्या असेंब्ली सुरळीत फिरतात, पण ते मशीन सव्वादोन किलोचे आणि त्याचा चार्जर विटेसारखा. रोज पाठीवर न्यायचे आहे. माझे मत: वजन पावणेदोन किलोच्या आत, ग्राफिक्स कार्ड मध्यम ताकदीचे, आणि घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी. डबा दुकानातच उघडायचा, डब्यावरचा आणि मशीनच्या पोटावरचा क्रमांक बिलाशी जुळवायचा, वॉरंटी आजच्या तारखेपासून दिसते का ते कंपनीच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे बघायचे.

अर्धा_शिट
ड्रॉइंगचे सामान. हेही आधी घेऊ नका, पण घेताना काय बघायचे ते सांगतो, कारण पहिल्या आठवड्यात गर्दीत मुले हाताला लागेल ते उचलतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सगळे एका फेरीत मिळते, जुनी पुस्तकेही तिथेच.

बोर्ड: ए२ शिटला (४२० × ५९४ मिमी) डी२ बोर्ड, म्हणजे ७०० × ५०० मिमी. काही कॉलेजे बोर्ड स्वतः देतात, मग नुसता ड्राफ्टर लागतो. मिनी ड्राफ्टर घेताना बोर्डाला लावून एका टोकाला आडवी रेघ मारा, ड्राफ्टर सरकवत दुसऱ्या टोकाला नेऊन दुसरी रेघ मारा. दोन्ही समांतर यायला हव्यात. सांध्यात खेळ असेल तर येत नाहीत, आणि तो खेळ घट्ट करायचा स्क्रू स्वस्त ड्राफ्टरला नसतो. शिकंजा बोर्डाच्या जाडीला पूर्ण बसतो का तेही पाहा. सेकंडहँड ड्राफ्टर चालतो, फक्त पट्टीवरचे आकडे पुसलेले नकोत.

पेन्सिली: बांधकाम रेषांना २एच, बाह्यरेषांना एच, अक्षरांना एचबी. तिन्ही एकाच पेन्सिलीने मारली की आकृती सपाट दिसते आणि गुण जातात. क्लिपा ४, चांगला पांढरा रबर, शिटची नळी झाकणवाली. पावसात ओली झालेली शिट वाळते पण लाटा राहतात, मग ड्राफ्टर नीट बसत नाही.

कॅल्क्युलेटर कोणता चालतो ते परीक्षेचे नियम वाचून घ्या. काही ठिकाणी प्रोग्रॅम करता येणारे बाहेर ठेवायला लावतात.

गोळ्या_औषधे
औषधांचा डबा लहान ठेवा आणि प्रत्येक पाकिटावर मराठीत मार्कर पेनने लिहा: कशासाठी, किती, केव्हा.

पॅरासिटामॉल ६५० एक पट्टी: एक गोळी, पुढची किमान ६ तासांनी, दिवसात चारच्या वर नाही. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, दोन्ही एकत्र घेतल्या की नकळत दुप्पट होते. ताप असताना आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक नको. पावसाळ्यात तो डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आणि डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांतच उपयोगाची.

ओआरएसची मोठी पाकिटे ४. एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, पेल्यात अर्धे पाकीट नाही. कमी पाण्यात घेतले तर मीठ जास्त होते. २४ तासांनी उरलेले ओतून द्या. बाकी सेट्रिझिन, पोव्हिडोन आयोडीन मलम, चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज, डिजिटल थर्मामीटर. प्रतिजैविके डब्यात अजिबात नकोत.

वसतिगृहात हमखास होतो तो गजकर्ण. दमट कपडे, एकमेकांचे टॉवेल. मेडिकलवाला 'हे लावा, दोन दिवसांत खाज जाते' म्हणून जे मलम देतो त्यात बहुधा स्टेरॉइड असते. नावात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन वाचले की परत करा. खाज जाते आणि बुरशी पसरते, मग सहा महिने निघत नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडेच जायचे. मांड्यांत टाल्कम, आणि कपडे पूर्ण वाळल्याशिवाय घालायचे नाहीत.

चष्मा असेल तर जुना चष्मा आणि नंबरचा कागद सोबत.

माजी_रेक्टर
ढेकूण. याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते.

गादी टाकण्याआधी फोनच्या टॉर्चने खाटेचे सांधे, नटबोल्टच्या खाचा, प्लायच्या कडा बघा. काळे बारीक ठिपके किंवा पांढरट कात दिसली तर ढेकूण आहेत. लोखंडी खाट असेल तर बाहेर काढून सांध्यांवर उकळते पाणी ओतायचे, मेसमधून बादलीभर मिळते. दहा दिवसांनी पुन्हा, कारण सगळी अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत. खाट भिंतीपासून चार बोटे लांब. चादरी कडक पाण्यातून. रॉकेल ओतू नका: वास महिनाभर जात नाही आणि आगीचा धोका वेगळा. प्रवासाची बॅग गादीवर ठेवायची नाही, ढेकूण बॅगेतूनच गावाला जातात आणि गावाहून येतातही.

मच्छरदाणीला वसतिगृहाच्या खाटेवर दांड्या नसतात. घडीची, तंबूसारखी उघडणारी घ्या, तीही खाटेच्या मापाची. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपतानाही.

ओवा
आता माझा प्रांत :)

पावसाळ्यात पहिल्या फेरीला चिवडा देऊ नका, चार दिवसांत सादळतो आणि उरलेला रूममेटही खात नाही. टिकण्याच्या क्रमाने: मेतकूट (घट्ट झाकणात सहा महिने), शेंगदाण्याची चटणी (महिना), बेसनलाडू (तीन आठवडे), खोबऱ्याची चटणी (पंधरा दिवस, नंतर खवट होते). लसूण-खोबरे चटणीत लसूण कच्चा टाकला की आठवड्यात वास फिरतो. लसूण तुकतुकीत तळून पूर्ण गार करून मग वाटा. दाणे मंद आचेवर वीस मिनिटे भाजा, आतून ओले राहिले तर चटणीला बुरशी येते. चमचा कोरडा हवा.

डबे स्टीलचे, अडकणाचे. प्लॅस्टिक उंदीर एका रात्रीत कुरतडतो. फार मोठा डबा नको: अर्ध्या किलोचे दोन बरे, एक उघडला तरी दुसरा ताजा राहतो.

मेस बंद असते त्या रविवार रात्रीसाठी कोरडा उपमा करून द्या. मेसमधून गरम पाणी मिळाले की झाले, किटली नको. २ वाट्या बारीक रवा मंद आचेवर बदामी वास येईपर्यंत, निदान बारा मिनिटे भाजायचा. वेगळ्या कढईत ३ चमचे तेल, मोहरी, १ चमचा उडीद डाळ लाल होईपर्यंत, कढीपत्ता अगदी कुरकुरीत, सुकी मिरची. हिरवी मिरची नको, कांदा नको, त्यांतल्या ओलाव्यानेच पीठ बिघडते. त्यात रवा, सव्वा चमचा मीठ, १ चमचा साखर, पाव चमचा लिंबूसत्त्व. ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरा, कोमट भरले तर आत वाफ धरते. खाताना एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या उकळते पाणी, झाकून आठ मिनिटे. पाणी नुसते गरम असेल तर रवा कचकच लागतो. दोन महिने टिकते.

कुडाळची_माई
मुलगी हिमाचलात हमीरपूरच्या एनआयटीला चालली आहे. धागा पुण्याचा आहे, तरी विचारते. स्वेटर, रजई इथून घ्यावे का? आणि कागद हेच का?

सातबारा
माई, कागद हे नव्हेत, आणि इथे मराठी घरांचा मोठा घोटाळा होतो. एनआयटी-आयआयटीला राज्याचे नॉन-क्रिमिलेअर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातले ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमिलेअर) लागते, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले. ईडब्ल्यूएसचे (आर्थिक दुर्बल घटकाचे) प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यात, १ एप्रिलनंतरचे. शिवाय जात केंद्राच्या यादीत हवी: मराठा समाज राज्यात एसईबीसी असला तरी केंद्राच्या ओबीसी यादीत नाही, कुणबी आहे. अर्ज सेतूमध्ये देताना 'केंद्र सरकारसाठी' असे स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच देतात.

देवळालीकर
गरम कपडे तिकडेच घ्या, ऑक्टोबरच्या शेवटी. कोकणात मिळणारा स्वेटर मिरवायला असतो. लोकरीचा माल लुधियानाचा, हिमाचलच्या बाजारात सहज आणि रास्त मिळतो. इथून फक्त थर्मलचे दोन जोड, एक वाराबंद जॅकेट, कानटोपी. थर्मल अंगाला घट्ट बसला तरच उपयोग. रजई तिथे भरून मिळते. जुलैत मात्र तिकडेही धो-धो पाऊस, तेव्हा छत्री आधी. रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान मोफत, सेकंड एसीला ५०.

कुडाळची_माई
केंद्राच्या नमुन्याचे माहीतच नव्हते. उद्याच सेतूत जाते. मुलींसाठी वेगळे काही?

माजी_रेक्टर
पॅड दोन महिन्यांचेच न्या, सगळीकडे मिळतात. ती जागा उबदार मोज्यांना द्या. कापडी पॅड वसतिगृहात उन्हात वाळवायला जागा नसते, अर्धवट वाळलेले वापरणे वाईट. गुंडाळायला जुने वर्तमानपत्र. सामाईक न्हाणीघरात हूक कमी असतात, म्हणून दारावर टांगायची कप्प्यांची पिशवी आणि दोन एस-हूक.

मुलींसाठी आणखी: यंदा राज्यातल्या कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, २०२४-२५ पासून. हमीरपूरला ते लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

सातबारा
मुलांसाठीही: राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, आणि वसतिगृहात राहणाऱ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. पालक अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर भत्त्याला त्याचा दाखला लागतो. तो तलाठी-तहसीलमधून आत्ताच काढा, दिवाळीत परत यायला लागू नये. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. तिच्यासाठी भाडेकरार लागतो, म्हणून खोली घेताना तोंडी व्यवहार नको.

निळी_छत्री
सगळ्यांचे आभार. साठवरून बावीस वस्तूंवर आले. इस्त्री, किटली, गादी, बादली, ड्राफ्टर, लॅपटॉप काढले. पंचे चार. आता फक्त पेटी की बॅग? प्रवास बसचा आहे.

पिंजारी_गल्ली
दोन्ही. पत्र्याची पेटी कुलूप लावायला बरी, पण खाटेखाली किती उंची आहे ते माहीत नाही, म्हणून १२ इंचांच्या वरची नको. तळाला चार रबरी पाय किंवा दोन विटा, नाहीतर फरशी पुसताना पाणी खाली साठून गंजते. बसच्या डिकीत पाणी येते, तेव्हा पेटीत आतून मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि कपडे तिच्यात. कागदांची फाइल डिकीत नाही, मांडीवर.

देवळालीकर
कुलपे दोन: कपाटाला ५० मिमीचे, पेटीला ४० चे. पितळीच घ्या, लोखंडी कुलूप पावसात अडकते. काही कपाटांचा कोयंडा बारीक असतो, त्यात ८ मिमी जाडीची कडी जात नाही, म्हणून एक ६ मिमीचेही ठेवा. प्रत्येकाच्या तीन किल्ल्या करून घ्या: एक खिशात, एक पाकिटात, तिसरी घरी. नंबरी कुलूप नको, पहिल्या वर्षी सगळ्यांचा नंबर जन्मतारीख असते.

निळी_छत्री
पुण्याच्या बोहरी आळीत मिळतील ना कुलपे?

देवळालीकर
हो. बादली, मग, दोरी, चिमटे, हूक, कुलपे, सगळे त्याच आळीत. सकाळी अकराच्या आत जा, आणि खाटेचे माप लिहिलेला कागद खिशात ठेवून जा.